एळुमलैच्या तोंडचं वाक्य

पोंगल संपला की चेन्नईत पंधरा-वीस दिवस असे येतात, की इथल्या माणसालाही तक्रार करायला काही सापडत नाही. पहाटे तांबरमच्या फलाटावर पातळ धुकं असतं. रस्त्याकडेला उसाची चिपाडं वाळत पडलेली असतात आणि गाई त्यांत तोंड घालून उभ्या असतात. नऊ वाजले तरी उन्हाला धार आलेली नसते. कॉलेजांचे सगळे उत्सव याच दिवसांत भरतात. मुलं पायऱ्यांवर बसून रंगीत कागद कापतात, खळीचा वास वर्गांपर्यंत येतो. आणि दरवर्षी याच दिवसांत कोणीतरी स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतं आणि विचारतं, "सार, आमच्या मॉक यूएनला परीक्षक म्हणून याल का?"

दरवर्षी मी नाही म्हणतो. कधी पेपर तपासायचे असतात, कधी घरी पाहुणे असतात. यंदा आलेली मुलगी चिवट होती. पुष्पा तिचं नाव, दुसऱ्या वर्षाची. म्हणाली, "सार, तुम्हीसुद्धा याच कॉलेजात शिकत असताना बेस्ट डेलिगेट होतात म्हणे. ऑफिसातल्या जुन्या वार्षिक अंकात फोटो बघितला. या ना. आणि काळजी करू नका, आमच्यात भांडणं होत नाहीत. नुसता खेळ आहे."

मी उजवा हात टेबलाखाली घेतला. त्या हाताचा तळवा पंधरा वर्षांनंतरही मला उघड्यावर ठेवावासा वाटत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना सांगतो. पोरं संयुक्त राष्ट्रसभा भरवतात. प्रत्येकाला एक देश मिळतो. त्या देशाच्या नावाची पुठ्ठ्याची पाटी समोर ठेवून बसायचं, आणि त्या देशाचं सरकार जे बोलेल तेच बोलायचं. स्वतःला ते पटो न पटो. 'मी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'माझं शिष्टमंडळ' म्हणायचं. समोरच्याला शिवी द्यायची तर आधी 'सन्माननीय प्रतिनिधी' म्हणायचं आणि मग द्यायची. विशीतल्या पोरांना याची झिंग चढते. माणसाला न मारता मारण्याची ती एक रीत आहे, आणि मी तीत फार तरबेज होतो.

पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी रामेश्वरमला होड्या येत होत्या. समुद्रापलीकडच्या बेटावरच्या यादवीतून पळून तमिळ माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी उतरत होती. मद्रासमध्ये, तेव्हा आम्ही मद्रासच म्हणायचो, भिंतीभिंतींवर त्याचीच पोस्टरं होती. बसमध्ये मदतीचे डबे फिरत. आमच्या वर्गातल्या कदिरवनची मावशी मंडपमच्या निर्वासित छावणीत येऊन पडली होती. ती मागे कोणाकोणाला सोडून आली, हे तो कधी सांगायचा नाही. नुसता बाकावर पेन आपटत बसायचा. त्या पोरांचा राग खोटा नव्हता. पुढे जे झालं ते लिहिताना हे आधी लिहून ठेवणं मला भाग आहे, नाहीतर सगळा दोष त्यांच्यावर जाईल आणि मला तेच सोयीचं होईल.

आणि अशा वर्षी आमच्या मॉक यूएनमध्ये चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. सचिवाने स्टीलचा टिफिनचा डबा फिरवला. माझ्या चिठ्ठीवर श्रीलंका होतं. माझ्या शेजारी एळुमलै बसला होता, त्याने चिठ्ठी उघडून मला दाखवली. इंडिया.

एळुमलैबद्दल सांगायला हवं. तो गुम्मिडिपूंडीहून यायचा, शहराच्या उत्तरेला दीड तासाच्या गाडीने. वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात कामगार. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला हा पहिला. बारावीपर्यंत तमिळ माध्यम. त्याचं तमिळ ऐकलं की आमचे तमिळचे सर खडू खाली ठेवत. इंग्रजी मात्र तो गाडीत शिकायचा. डब्याच्या दारात उभा राहून इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायचा आणि स्टेशनं जात राहायची. पोरं चिडवायची, "काय डा, आज पण पोन्नेरीला 'द' विसरलास का?" तोही हसायचा. मॉक यूएनमध्ये त्याला मीच ओढलं होतं. म्हटलं, चार दिवसांत इंग्रजीची भीती जाईल.

मला सगळे 'रायर' म्हणत. तंजावरकडच्या आम्हा मराठी लोकांना तमिळ माणसं याच नावाने ओळखतात. तीनशे वर्षं आम्ही या मुलखात आहोत. घरात जी मराठी बोलतो ती पुण्याच्या माणसाला अर्धी कळत नाही. आई कोल्हापूरची होती म्हणून मला लिहिण्यावाचण्याची मराठी आली, एवढंच. पण कॉलेजात वाद झाला, की कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणायचंच, "रायरे, तुझी गाडी कधी सुटते? पाहुणा किती दिवस राहतो रे?" थट्टाच असायची. मीही हसायचो. पण 'पाहुणा' हा शब्द नेमका कुठे लागतो, ते मला इतरांपेक्षा नीट माहीत होतं. पुढे तो कामी आला.

श्रीलंकेची चिठ्ठी मी घडी करून खिशात टाकली. या गावात, या महिन्यात, पाचशे पोरांपुढे श्रीलंका म्हणून उभं राहायचं, आणि तेही रायरने? मी एळुमलैला कँटीनमागे नेलं.

"मच्चान, इंडिया फार अवघड आहे," मी म्हणालो. "सगळे देश इंडियालाच प्रश्न विचारणार. तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, इंग्रजीत. तुला जमेल?"

"नाही जमणार," तो म्हणाला.

"श्रीलंका लहान देश आहे. एक भाषण वाचायचं आणि बसायचं. भाषण मी लिहून देतो. टाइप करून देतो."

त्याने जरा विचार केला. "लोक चिडणार नाहीत ना?"

"चिडतील कसे? पाटी आहे ती. पाटीवर कोण चिडतं?"

त्याने चिठ्ठी माझ्या हातात दिली. वर म्हणाला, "थँक्स, रायरे." ते 'थँक्स' त्याने नीट जीभ दातांत धरून म्हटलं. नुकतंच शिकला होता.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. भाषणं लिहायला मी रविवारी सकाळी बसलो. आमच्या पश्चिम मांबलमच्या घरात वडिलांचा टाइपराइटर होता; ते ऑफिसची कामं घरी आणत. मला आधी उत्तर सुचलं. माझं, इंडियाचं उत्तर. अंगावर काटा यावा असं वाक्य होतं ते: "पाहुणे निरोप घेऊन जातात, अध्यक्ष महोदय. पोहत जात नाहीत." मी ते चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. टाळ्या ऐकू आल्या. पण उत्तर द्यायचं तर आधी कोणीतरी तसं म्हणायला हवं. तेव्हा मी दुसरा कागद घातला आणि श्रीलंकेच्या भाषणात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, टाइप केलं: "घरात आलेले पाहुणे उठून गेले तर त्याला कोणी हाकलणं म्हणत नाही."

कोणत्याही देशाच्या कोणत्याही सरकारी कागदात हे वाक्य नव्हतं. मला चिडवणाऱ्या पोरांकडून मी ते उचललं, त्याला धार लावली आणि एळुमलैच्या तोंडात ठेवलं. का, तर त्या वाक्याचे मी तुकडे करू शकेन. वडील दारातून म्हणाले, "कसाला रे इतका जोराने बडवतोस? अक्षरं तुटतील." त्यांची तंजावरी मराठी तशीच होती, 'का'ला 'कसाला' म्हणणारी. मी म्हटलं, कॉलेजचं काम आहे.

सोमवारी, सभेच्या दिवशी सकाळी, मी त्याला कागद दिला. माझा निळा टायही दिला, त्याच्याकडे नव्हता. बांधूनही दिला. तो कागद वाचता वाचता त्या वाक्याशी थांबला. "हे जरा जास्त नाही का?"

"तुझं मत नाही ते. तुझ्या शिष्टमंडळाचं आहे."

"हां," तो म्हणाला. आणि ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोकू लागला. 'हाकलणं'ला जो इंग्रजी शब्द घातला होता, त्याचा उच्चार त्याने मला तीन वेळा विचारला. मी तीन वेळा सांगितला.

सभागृहाला वर तीन बाजूंनी गॅलरी होती. मॉक यूएनला एरवी गॅलरीत कावळे बसायचे. त्या दिवशी शेजारच्या दोन कॉलेजांची पोरंसुद्धा आली होती. पंखे फिरत होते आणि पाट्या पडू नयेत म्हणून आम्ही त्यांना पुस्तकं टेकवली होती. एळुमलै उभा राहिला. पहिली दोन पानं त्याने स्वच्छ वाचली. एकही 'द' विसरला नाही. मला खरोखर आनंद झाला, हेही सांगतो. मग ते वाक्य आलं. त्याने ते घोकलेलं असल्यामुळे कागदावरून नजर उचलून, गॅलरीकडे बघून म्हटलं. पोराला वाटलं, चांगला वक्ता असंच करतो.

गॅलरीतून आवाज आला नाही. आधी एक चप्पल आली. ती ब्राझीलच्या पाटीवर पडली. मग बाकं हलल्याचा आवाज. अध्यक्षपदावरचे प्राध्यापक घंटा वाजवत राहिले. मी हात वर करून उत्तराचा हक्क मागितला. त्या क्षणी सभा मोडता आली असती. मी उठून एवढं जरी म्हणालो असतो, की थांबा, हे भाषण मी लिहिलेलं आहे. मी उठलो आणि म्हणालो, "पाहुणे निरोप घेऊन जातात, अध्यक्ष महोदय. पोहत जात नाहीत."

तशा टाळ्या पुन्हा मला कधी मिळाल्या नाहीत. गॅलरीच्या लाकडी जमिनीवर पाय आपटत होते, वरून धूळ आमच्या कागदांवर पडत होती. कदिरवन रडत होता. त्याने वरूनच माझ्याकडे दोन्ही हात जोडले. मी मान लववली.

चारच्या सुमाराला सभा संपली. मागच्या दाराने बाहेर पडलो तर मला चौघांनी खांद्यावर घेतलं. "रायर! रायर!" कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. ज्यांनी मला पाहुणा म्हटलं होतं, तेच खांदे होते. मला तिथून सगळं दिसत होतं. सायकल स्टँडपाशी वीस-पंचवीस पोरांचं कडं होतं आणि त्या कड्याच्या मधे निळा टाय. टायला धरून कोणीतरी त्याला खाली वाकवलं होतं. एळुमलैचे दोन्ही हात गळ्याशी, गाठ सैल करायला बघत होते. गाठ मी बांधली होती. ती ओढली की घट्टच होत जाते.

मार म्हणजे काय ते सिनेमात कळत नाही. सिनेमात आवाज मोठे असतात. खरा मार ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा वाजतो. एकाच्या हातात सायकलची साखळी होती, एकाच्या हातात मोडक्या खुर्चीचा पाय. बाकीच्यांचे नुसते पाय. साखळी पाठीवर पडली की शर्ट फाटायचा आणि क्षणभर कातडीवर पांढरी रेघ दिसायची. मग ती रेघ लाल व्हायची. त्याच्या तोंडातून दात आणि लाळ एकत्र खाली आली. रांगेतल्या सायकली एकेक करून एकमेकींवर पडत गेल्या, त्यांच्या घंटा वाजत राहिल्या. एळुमलै ओरडत होता ते तमिळमध्ये, "मी गुम्मिडिपूंडीचा आहे, अण्णा, मी इथलाच आहे." जे त्याला मारत होते, त्यांतल्या निम्म्यांना त्याच्याइतकं तमिळ येत नव्हतं.

कदिरवनने त्याचे केस धरून मान वर केली. दुसऱ्या हातात भाषणाचा कागद होता. "हे तू लिहिलंस? तमिळ मीडियमवाल्या, तू? हे इंग्रजी तुझ्या बापाने लिहिलं? कोणी लिहून दिलं, सांग. त्याला बघतो, तुला सोडतो."

मला खांद्यावरून त्यांनी तोवर खाली उतरवलं होतं. मी दोन हात अंतरावर उभा होतो. एळुमलैचा एक डोळा मिटलेला होता. दुसऱ्याने त्याने माझ्याकडे पाहिलं. सरळ.

"मीच लिहिलं," तो म्हणाला.

"कोणी?"

"मीच. माझं मी."

आणि मग कोणीतरी, कोण ते मला आठवत नाही, मला पुढे ढकलून ओरडलं, "इंडिया! रायरे, एक तुझीही!" सगळे हसले. कडं उघडलं. मी नाही म्हटलं असतं तर? बहुधा काही झालं नसतं. थट्टेवारी नेलं असतं. पण मला वाटलं, आता मी हात मागे घेतला तर सगळ्यांना कळेल. काय कळेल ते मात्र मी ठरवलं नाही. मी उजवा हात उगारला आणि उघड्या पंजाने त्याच्या डाव्या कानावर मारली.

तो आवाज बाकी आवाजांसारखा नव्हता. कागदी पिशवी फुगवून फोडावी तसा होता. एळुमलैने ओरडणं बंद केलं. मान एका बाजूला कलती करून, काहीतरी लांबचं ऐकत असल्यासारखा तो बघत राहिला. मग कानातून रक्ताची एक बारीक धार गळ्यावर आली आणि माझ्या टायमध्ये शिरली.

इतके हात होते त्या दिवशी. डॉक्टरने पडदा फाटल्याचं सांगितलं तेव्हा कोणाच्या हाताने, हे कोणी विचारलं नाही. मला विचारायची गरज नाही.

तीन दिवसांनी प्राचार्यांच्या खोलीत चौकशी झाली. मलाही बोलावलं होतं, इंडिया म्हणून. टेबलावर तो टाइप केलेला कागद होता, त्यावर तपकिरी डाग. एळुमलैच्या घरी टाइपराइटर असणं शक्य आहे का, हा साधा प्रश्न त्या खोलीत कोणालाही पडला नाही. प्राचार्यांनी मला विचारलं, "भाषणात हे वाक्य आहे हे तुला आधी माहीत होतं?" मी म्हणालो, "नाही, सर. मी तिथल्या तिथे उत्तर दिलं." ते म्हणाले, "ब्रिलियंट."

एळुमलैचे वडील मुनुसामी कारखान्याच्या खाकी कपड्यांतच आले होते. चपला बाहेर काढून. संध्याकाळच्या तमिळ पेपरात चार ओळी आल्या होत्या, मुलाच्या आणि गावाच्या नावासकट. तो पेपर त्यांच्या खिशात चौकोनी घडी करून होता. ते प्राचार्यांशी काही बोलले नाहीत. मुलाकडे वळून त्यांनी एकच विचारलं, "तू लिहिलंस?"

एळुमलैने आधी उजवा कान पुढे केला, त्याला ऐकू आलं नव्हतं. त्यांना परत विचारावं लागलं. मग त्याने मान हलवली. हो.

म्हाताऱ्याने हात उगारला. मुलाच्या डोक्याला पट्टी होती. गालावर टाके होते. डावा हात गळ्यात अडकवलेला. तो उगारलेला हात हवेत थांबला, आणि मुलाच्या अंगावर न दुखावलेली जागा शोधू लागला. उजव्या खांद्याच्या मागे वीतभर जागा होती. तिथे त्यांनी मारलं. चार वेळा, तिथेच. मग दाराशी जाऊन चपला घातल्या.

मुलाच्याच सुरक्षिततेसाठी, असं म्हणून कॉलेजने एळुमलैचा दाखला हातात दिला. माझा फोटो वार्षिक अंकात आला.

पंधरा वर्षं मी मनातल्या मनात या गोष्टीला एक रूप देऊन ठेवलं होतं. ते असं, की एळुमलैने मला वाचवलं. मैत्रीसाठी मार खाल्ला. यात मी पापी होतो, पण मोठ्या माणसाच्या गोष्टीतला पापी होतो. त्याचा जरा आधार वाटायचा. पुष्पा टेबलाशी येऊन 'नुसता खेळ आहे' म्हणाली, त्या आठवड्यात मला तोही आधार पुरेना. वर्गात शिकवताना खुर्ची सरकली तरी मी दचकत होतो. रविवारी दुपारी मी तांबरमहून निघालो, गाडी बदलून गुम्मिडिपूंडीला उतरलो. उतरल्या उतरल्या नाकात गंजाचा आणि जळक्या तेलाचा वास बसला.

घर शोधायला वेळ लागला नाही, पण पत्ता विचारताना एक गोष्ट झाली. दोन जणांना एळुमलै हे नाव कळेना. तिसरा म्हणाला, "कोण, सिलोनचं घर?" आणि हसून बोट दाखवलं.

एळुमलैने मला लगेच ओळखलं. त्याचे केस विरळ झालेत. तो वडिलांच्याच कारखान्यात स्टोअरकीपर आहे. मला त्याने मुद्दाम उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं. बायकोने कॉफी आणली, ती आत जाईपर्यंत तो पावसापाण्याचं बोलला. मग मी सांगितलं. सगळं. उत्तर आधी सुचलं होतं इथपासून कानापर्यंत. एक शब्द गाळला नाही. माझा आवाज फुटत होता आणि मला ते बरं वाटत होतं, याचीही लाज वाटत होती.

त्याने ऐकून घेतलं. कॉफीचा पेला खाली ठेवला.

"हे सांगायला आलास?"

"हो."

"मला माहीतच आहे की, रायरे. कागद तूच दिलास. कानावर तूच मारलीस. मी तिथेच होतो."

मी म्हणालो, "तू माझं नाव घेतलं नाहीस. मला वाचवलंस."

तेव्हा तो हसला. पुढचे दोन दात खोटे आहेत. "तुला? तुझा विचार कोण करत होतं? तो कदिरवन सगळ्यांसमोर म्हणाला, तमिळ मीडियमवाल्याला हे इंग्रजी येणार नाही, कोणी लिहून दिलं सांग. मार चालला असता मला. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचून दाखवलं, हे कसं कबूल करू? वीस वर्षांचा होतो."

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला.

"मला सांगून काय होणार?" तो म्हणाला. "सांगायचं होतं तर माझ्या अप्पाला सांगायचं होतंस. परवाच्या आडी महिन्यात, तुमच्या आषाढात, गेला. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं, आपल्या पोटच्या पोराने ते लिहिलं. युनियनमध्ये मान होता त्याला. त्या पेपरनंतर मीटिंगला गेला नाही कधी. मी दहादा सांगितलं, अप्पा, नाही लिहिलं मी. तो म्हणायचा, प्राचार्यांसमोर हो म्हणालास, आता बापासमोर खोटं बोलतोस? मला सिलोन म्हणतात, मला सवय झाली. माझा मुलगा सातवीत आहे. त्याला शाळेत 'सिलोनचा पोरगा' म्हणून मारलं गेल्या महिन्यात. भुवईवर तीन टाके पडले."

मी मान खाली घातली. काहीतरी म्हणालो, क्षमेचं.

तो उठला. शर्टाची बटणं लावली. "चल."

"कुठे?"

"गेटसमोर चहाचं दुकान आहे. या वेळेला अप्पाचे सगळे दोस्त तिथे बसलेले असतात. आठ-दहा जण. मास्तरसुद्धा असतो शाळेचा. तीन मिनिटांची वाट आहे. तिथे उभा राहा आणि आता मला जे सांगितलंस, तेच सांग. तमिळमध्ये. तुला चांगलं बोलता येतं. एवढंच कर. मग मी पण तुझ्याबरोबर चहा पितो."

तो दारात उभा राहिला. त्याच्यामागे तो सातवीतला मुलगा येऊन उभा होता, भुवईवरचा व्रण अजून गुलाबी होता. मला ते दुकान डोळ्यांसमोर दिसलं. बाकावरचे म्हातारे, लोखंड उचलून जाड झालेले त्यांचे हात. मी बोलायला लागल्यावर पेले खाली ठेवले जाताना दिसले. पहिला कोण उठेल? मला त्यांनी मारलं असतं असं नाही. पण मारतील असं वाटलं, आणि माझा डावा हात आपोआप कानाशी गेला. तिथून तो खाली आणताना मनगट डोळ्यांसमोर आलं. मी घड्याळात पाहिलं.

एळुमलैने ते पाहिलं.

"पाच चाळीसची आहे तुला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "जा. मग सात वीसपर्यंत नाही."

मुलाने मला स्टेशनच्या रस्त्यापर्यंत वाट दाखवली. गेटसमोरून जावं लागलं. दुकानातून कोणीतरी त्याला हाक मारली, "ए सिलोन, कोण रे पाहुणे?" मुलगा म्हणाला, "अप्पाचे दोस्त." मी चालत राहिलो. गाडी मिळाली.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मी हे लिहिलं. नावं सोडली तर यातलं काही बदललेलं नाही. ते वाक्य मी लिहिलं होतं, एळुमलैने नाही. हे मी मराठीत लिहिलं आहे. गुम्मिडिपूंडीच्या त्या चहाच्या दुकानात मराठी वाचणारं कोणीही नाही, आणि लिहायला बसलो तेव्हा ते मला माहीत होतं.